भाऊच्या धक्क्यापासून पुढची वाट कोणाच्या अखत्यारीत येते?

प्रति,
मुंबईतील जलवाहतूक, बंदर, रेल्वे, बससेवा आणि रस्ते यांविषयी निर्णय घेणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

सविनय नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यात, मांडव्याजवळच्या एका गावात राहते. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले आहे. गेल्या जूनपासून माझ्या यजमानांवर परळच्या एका रुग्णालयात उपचार सुरू आहेत आणि दर तीन आठवड्यांनी आम्हा दोघांना मुंबई गाठावी लागते. आतापर्यंत अकरा फेऱ्या झाल्या. तिथल्या डॉक्टरांबद्दल आणि परिचारिकांबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज दुसरे काही नाही. हे पत्र आहे ते बोटीतून उतरून मुंबईच्या जमिनीवर पाय ठेवल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या वाटेविषयी. नकाशावर पाहिले तर ही वाट अगदी थोडकी दिसते. तरीही अकरापैकी सात वेळा, समुद्र ओलांडायला लागला त्याहून जास्त वेळ आम्हाला ही वाट पार करायला लागला. प्रत्येक फेरीच्या वेळा मी वहीत लिहून ठेवल्या आहेत, म्हणून हे खात्रीने सांगते.

आमच्या भागातून राजधानीला जायचे तर दोनच मार्ग आहेत. एक रस्त्याचा. पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल असा शंभरेक किलोमीटरचा हा प्रवास कागदावर तीन तासांचा असला, तरी वडखळला गाड्यांची रांग लागली की त्याचे पाच तास कधी होतात ते कळत नाही. आणि केमो घेतलेल्या माणसाला मळमळ आवरत पाच तास एसटीच्या सीटवर बसवून आणणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो पुन्हा त्या मार्गाला जाण्यापूर्वी दहादा विचार करतो. हा वळसा वाचवणाऱ्या रेवस–करंजा पुलाचे नाव तर आम्ही बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकत आलो आहोत. त्याचे काम आता कुठे मार्गी लागले आहे. तो पूल होईल तेव्हा होईल, आजारपण तोवर थांबत नाही.

दुसरा मार्ग समुद्राचा. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच आमच्या पिढ्यान् पिढ्यांच्या सोबती आहेत आणि त्यांच्याविषयी मला आपुलकी आहे. पण गेटवेला लाँच लागते ती पायऱ्यांना. गर्दीच्या वेळी एका लाँचमधून शेजारच्या लाँचमध्ये आणि तिथून शेवाळलेल्या दगडी पायरीवर पाऊल टाकावे लागते, आणि खाली पाणी हलत असते. धडधाकट माणसाला त्याचे काही वाटत नाही, माझ्या यजमानांना ते आता शक्य नाही. शिवाय मेअखेरीला या लाँच बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. म्हणून मार्च २०२० मध्ये मांडवा ते मुंबईतील भाऊचा धक्का अशी, मोटारी आणि माणसे दोन्ही नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा आमच्या भागातील म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि आजारी माणसांना मोठाच आधार मिळाला. सपाट रॅम्पवरून चालत आत जायचे, तासाभरात पलीकडे उतरायचे. पावसाळ्यातही हवामान बरे असेल तर ती चालते. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांचे मी मनापासून आभार मानते.

आता पलीकडे उतरल्यावर काय होते ते सांगते.

रॅम्प खाली येतो. मोटारी सुरू होतात, रांगेने बाहेर पडतात आणि पूर्व मुक्त मार्ग जवळच असल्यामुळे बघता बघता शहरात दिसेनाशा होतात. मागे राहतो तो चालत आलेला माणूस. त्याच्या हातात पिशवी असते, काखेत रिपोर्टची फाईल असते आणि त्याला जायचे असते डॉकयार्ड रोड स्थानकावर, जे तिथून साधारण किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर आहे. या सव्वा किलोमीटरमध्ये माशांचे टेम्पो, ट्रेलर आणि बर्फाच्या लाद्या उतरवणारे ट्रक यांची सतत ये-जा असते. पदपथ काही अंतर आहे, मग त्यावर सामान रचलेले आहे, मग तो नाहीच. बर्फ आणि मासळीच्या पाण्याने रस्ता बाराही महिने ओला असतो. उन्हात टेकायला एक बाक नाही, सावलीला छप्पर नाही, स्वच्छतागृह कुठे आहे हे सांगणारी पाटी नाही.

ऑक्टोबरातल्या फेरीत यजमानांच्या पायातले बळच गेले. बसची वाट पाहून अर्धा तास झाला होता. तीन टॅक्सीवाल्यांना विचारले. परळचे नाव काढताच एकाने मान हलवली, दुसऱ्याने मीटर सोडून चारशे रुपये सांगितले, तिसरा थांबलाच नाही. तेव्हा माशांचे क्रेट वाहणारा एक हमाल आपली हातगाडी घेऊन जवळ आला, त्याने खांद्यावरचे गोणपाट काढून त्या ओल्या फळ्यांवर पसरले आणि म्हणाला, “काका, बसा, स्टेशनपर्यंत सोडतो.” माझे यजमान मानी आहेत. आयुष्यभर स्वतःच्या वाडीत नारळाच्या झाडावर चढलेला माणूस. ते दोन्ही हातांनी फाईलची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून त्या हातगाडीवर बसले आणि स्टेशन येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. त्या हमालाने पैसे घेतले नाहीत. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण एका आजारी माणसाला राजधानीत आपल्या पायांवर, मान वर करून जाता यावे एवढी सोय कोणा अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर सोडून द्यावी, हे मला मान्य नाही.

पुढचा प्रवासही थोडक्यात सांगते, कारण तो एकाच साखळीतला आहे. डॉकयार्ड रोड हे हार्बर मार्गावरचे स्थानक आणि परळ मुख्य मार्गावरचे. म्हणून पुढच्याच सँडहर्स्ट रोडला उतरायचे, हार्बरच्या वरच्या फलाटावरून जिने उतरून मुख्य मार्गाच्या खालच्या फलाटावर यायचे, तिथून धीमी गाडी पकडून भायखळा, चिंचपोकळी, करी रोड करत परळ गाठायचे आणि पुन्हा जिने चढून-उतरून रस्त्यावर यायचे. निरोगी माणसाला हा अर्ध्या तासाचा प्रवास आहे. आम्हाला एकदा एक तास चाळीस मिनिटे लागली.

हे सारे सोसून मी गप्पच राहिले असते, कारण आजारपणात माणसाला भांडायचे त्राण नसते. पण गेल्या फेरीत मी ठरवून तीन ठिकाणी चौकशी केली. धक्क्यावरच्या एका कार्यालयात विचारले की बोटीच्या वेळेला जोडून बस का नाही, तर उत्तर मिळाले की फाटकाबाहेरचे आम्ही पाहत नाही. बससेवेच्या चौकीवर विचारले तर कळले की त्या आतल्या रस्त्यावर गाडी आणायची की नाही हे त्यांच्या हातात नाही. स्थानकावर विचारले तर सांगण्यात आले की स्थानकाबाहेरच्या रस्त्याशी त्यांचा संबंध नाही. तिघेही माझ्याशी सौजन्याने बोलले आणि आपापल्या जागी तिघेही खरे होते. बोटीला मालक आहे, लोकलला आहे, बसलाही आहे; मात्र बोट आणि लोकल यांच्यामधल्या त्या सव्वा किलोमीटरला कोणी वाली नाही. म्हणून या पत्राच्या वर मी कोणा एकाचे नाव लिहू शकले नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला ते लागू आहे.

आमच्या बाजूला, मांडव्याला, चित्र वेगळे आहे. गेटवेच्या लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग या बसचे भाडे धरलेले असते. लाँच लागली की बस उभी असते, उतारू बसले की ती सुटते, लाँचला उशीर झाला तर बसही थांबते. ही पद्धत आमच्या तालुक्यात वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि त्यासाठी कोणताही मोठा प्रकल्प आखावा लागलेला नाही. ज्या जेट्टीच्या मागे नारळाच्या वाड्या आहेत तिथे हे जमते. ज्या धक्क्याच्या मागे अख्खी मुंबई आहे तिथे ते का जमू नये, याचे उत्तर मला हवे आहे.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, आणि सर्वांत मोठी, बसची. बोटीच्या वेळा ठरलेल्या असतात, किती माणसे उतरणार हे तिकिटांवरून आधीच कळलेले असते, तरीही धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाला भरवशाची बस नाही. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे साध्या बसला ५ वरून १० रुपये आणि वातानुकूलित बसला ६ वरून १२ रुपये झाले. त्याविरुद्ध पुष्कळ लिहिले-बोलले गेले. मला त्या दहा रुपयांचे दुःख नाही. बस ठरल्या वेळी उभी असेल तर मी वीसही देईन. टॅक्सीला चारशे देण्याची ज्याची ऐपत नाही असा माणूस माझ्या शेजारी उभा असतो, त्याच्यासाठी मी बस मागते आहे.

दुसरी तक्रार माहितीची. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट रद्द होते, ते योग्यच आहे आणि त्याबद्दल माझा आक्षेप नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या किनाऱ्यावर अशी क्वचितच गावे असतील जिथे त्या दिवसाची आठवण निघत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसली आणि १५ जणांचे प्राण गेले, तेव्हा माझ्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. समुद्राशी खेळू नये हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण जुलैमधल्या फेरीत बोट रद्द झाल्याचे आम्हाला मांडव्याच्या जेट्टीवर पोहोचल्यावर समजले. पहाटे समजले असते तर घरून थेट एसटी धरता आली असती. त्या दिवशी वडखळमार्गे आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा रक्ततपासणीची खिडकी बंद झाली होती, त्यामुळे केमोची तारीख चार दिवस पुढे गेली. रविवारचा मेगाब्लॉक रेल्वे आधी जाहीर करते, वर्तमानपत्रात छापून येतो. बोटीची बातमीही तशीच, वेळेवर आणि मराठीत कळायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट जिन्यांची. ती मी वर सांगितली आहे, पुन्हा वाढवत नाही. ज्या स्थानकांत सरकते जिने किंवा लिफ्ट आहेत त्या कोणत्या बाजूला आहेत हे दाखवणाऱ्या पाट्या अनेकदा गर्दीत सापडत नाहीत आणि लिफ्ट बंद असेल तर ते तिथपर्यंत चालत गेल्यावर समजते.

चौथी तक्रार जरा व्यापक आहे आणि ती मांडताना माझ्या अधिकाराबाहेर बोलत असेन तर क्षमा असावी. गेल्या काही वर्षांत मुंबईत खूप मोठी कामे झाली. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, त्याच वर्षी मार्चमध्ये किनारी रस्ता सुरू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड अशी सलग ३३.५ किलोमीटर धावू लागली. मेट्रो पाहून मी खरोखर भारावले. विधान भवनाखाली स्वच्छ, थंड स्थानकात उतरताना आपल्या राज्याचा अभिमान वाटला. परंतु ही मेट्रो पूर्व किनाऱ्यावरच्या धक्क्याच्या आसपास येत नाही. अटल सेतूवर आणि किनारी रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षा यांना बंदी आहे. रो-रो बोटीतही सर्वांत सोय आहे ती मोटार घेऊन येणाऱ्याची. माझा मोटारीला विरोध नाही. पण समुद्रावर झालेल्या प्रत्येक मोठ्या कामात मोटारवाल्याची वाट शेवटपर्यंत आखली गेली आणि चालणाऱ्याची अर्ध्यावर सुटली, हे नजरेआड कसे करावे?

मेट्रो पूर्ण झाली त्याच ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ हे अॅप आले आणि वेगवेगळ्या अकरा सेवांची तिकिटे एका ठिकाणी मिळू लागली. चांगले पाऊल आहे. माझ्या भाच्याने ते मला मोबाइलवर घालून दिले आणि मी ते वापरते. तिकिटांसाठी अकरा संस्था एकत्र बसू शकल्या, तर त्यांतल्या तीन-चार संस्थांनी एका सव्वा किलोमीटरसाठी एकदा एकत्र बसावे, ही अपेक्षा जास्त आहे असे मला वाटत नाही.

येथे नव्या जेट्टीचाही उल्लेख करायला हवा. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी प्रवासी जेट्टीचे काम हाती घेतले आहे. कुलाब्याच्या रहिवाशांनी त्यावर हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये अटींसह परवानगी मिळाली. आमच्या गावात या जेट्टीचे स्वागत आहे, कारण त्या शेवाळलेल्या पायऱ्या सुटतील. पण कुलाबेकरांना वाटणारी गर्दीची भीतीही मला खोटी वाटत नाही. उतरलेल्या माणसासाठी बस नसेल, तर तो टॅक्सी शोधत त्यांच्याच दारात उभा राहणार. त्याची आणि त्यांची अडचण एकच आहे. जेट्टीचे खांब उभे राहण्याआधी तिच्या बाहेरच्या बसथांब्याची जागा नकाशावर आखली गेली, तर दोघांचेही काम होईल.

मुंबईला आम्ही हौसेने येत नाही. मंत्रालय तिथे, उच्च न्यायालय तिथे, परळची मोठी रुग्णालये तिथे. बोटीत माझ्या शेजारी बसणाऱ्यांत जमिनीच्या दाव्याच्या तारखेला निघालेले कोळी असतात, पेन्शनच्या कागदासाठी तिसऱ्यांदा निघालेल्या विधवा असतात, तपासणीला निघालेली लहान मुले असतात. कोकणातून येणाऱ्या माणसाला उतरायला पक्की जागा असावी म्हणून लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी १८४१ मध्ये मूळ धक्का बांधला आणि लोकांनी प्रेमाने त्याला ‘भाऊंचा’ हे नाव दिले. एका गृहस्थाने पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी आमच्या पायांखालच्या चिखलाचा विचार केला होता.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

भाऊच्या धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येक बोटीला जोडून एक बस असावी, जी डॉकयार्ड रोड, भायखळा, परळची रुग्णालये आणि दादर या मार्गाने जाईल, आणि बोटीला उशीर झाला तर थांबेल. परतीलाही तीच बस असावी.

धक्का ते डॉकयार्ड रोड स्थानक हा सलग, अडथळ्यांविना पदपथ व्हावा. त्यावर दिवे, निदान दोन ठिकाणी छप्पर व बाक आणि एक स्वच्छतागृह असावे. चाकाची खुर्ची त्यावरून जाईल इतकी त्याची रुंदी असावी. मासळीचा धंदा तिथून हलवावा अशी माझी मागणी मुळीच नाही. तो त्यांचा धक्का आहे, आमच्याआधीपासूनचा. टेम्पो आणि माणूस यांची वाट तेवढी वेगळी करावी.

बोट रद्द होणार असेल तर पहाटेच एका ठरलेल्या दूरध्वनी क्रमांकावर आणि संदेशाद्वारे मराठीत कळवावे. ज्या दिवशी बोटी बंद राहतील त्या दिवशी अलिबागहून अटल सेतूमार्गे परळपर्यंत साध्या भाड्याच्या जादा एसटी सोडाव्यात. पुण्याच्या शिवनेरी त्या सेतूवरून धावतात, तेव्हा मार्गाची अडचण नसावी.

डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड आणि परळ या तीन स्थानकांत रुग्णाला जिना न चढता फलाट बदलता यावा. जिथे लिफ्ट आहे तिथे ती चालू राहावी, जिथे नाही तिथे बसवावी.

आणि शेवटची मागणी, जिच्याशिवाय वरच्या चारही कागदावरच राहतील: धक्का ते स्थानक या वाटेची जबाबदारी लेखी आदेशाने एका अधिकाऱ्यावर सोपवावी आणि त्या अधिकाऱ्याचे पद व कार्यालयाचा क्रमांक धक्क्यावर पाटी लावून जाहीर करावा. मग चौकशीसाठी तीन दारे हिंडण्याची वेळ कोणावर येणार नाही.

येत्या मेअखेरीला गेटवेच्या लाँच बंद होतील आणि सगळा भार पुन्हा भाऊच्या धक्क्यावर येईल. बस आणि पहाटेचा निरोप या दोन गोष्टींना बांधकाम लागत नाही, म्हणून त्या तरी त्यापूर्वी सुरू व्हाव्यात अशी माझी आग्रहाची विनंती आहे. माझ्या वहीत अकरा फेऱ्यांच्या तारखा, बोट लागल्याची वेळ, बससाठी थांबलेली मिनिटे, टॅक्सीचे भाडे आणि रुग्णालयात पोहोचल्याची वेळ अशी सर्व नोंद आहे. आपल्यापैकी जे कार्यालय बोलावील तिथे ती वही घेऊन यायला मी तयार आहे; आमची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे आणि त्या दिवशी आम्ही सकाळच्या बोटीने येणारच आहोत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
अलिबाग तालुका, जिल्हा रायगड